शरदातलं स्थलांतर, ओळखीची जागा: ठिय्या की फेरी?

शरदात ओळखीच्या जागेवरचे पक्षी रोज बदलतात आणि बहुतेक गप्प असतात. विणीचा हंगाम संपलेला, गाणं थांबलेलं, रंग फिके, त्यात पहिल्या वर्षाच्या पिल्लांची भर. सकाळचा तास-दीड तासच मोकळा असेल, तर तो बसून काढायचा की चालत? जागा पक्ष्यांना उघड्यावर ठेवते की लपवते, ते आधी बघा.

तळं, खाडीचा चिखल किंवा मोकळा माळ असेल तर ठिय्या. चालणाऱ्याला बघून चिखलपक्षी उठतात आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसतात. बसून राहिलेल्या माणसाची त्यांना थोड्या वेळाने सवय होते. टिलव्यासारखे आखूड पायांचे पक्षी बोटभर पाण्यातच चरतात, त्यामुळे पाणी ओसरून ओला चिखल उघडा पडला असेल तिथेच बैठक मांडा. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. समोरून ऊन आलं की तुतारी आणि चिखल्या हे दोन्ही चिखलपक्षी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. स्पॉटिंग स्कोपचं (तिपाईवरच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीचं) वजन इथेच सार्थकी लागतं, पण ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा थरथरते आणि ४० पटींच्या वर चित्र विरघळतं. तेव्हा पट कमी करा.

ठिय्याचा खरा फायदा वेळ मिळण्यात आहे. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी बसलेल्या असताना गोंधळ होतो, कमरेवरचा पांढरा भाग तर दोघींनाही असतो. उडताना पंखाखालची बाजू काळपट दिसली तर हिरवी, फिकट दिसली तर ठिपकेवाली. चालताना अचानक उठलेला पक्षी एवढं क्वचितच दाखवतो.

झुडपं, झाडांची रांग, वेलींची जाळी असेल तर मात्र फेरीच. रात्रभर उडून पहाटे उतरलेले वटवटे आणि माशीमार पहिले दोन-तीन तास अधाशासारखे खातात, नंतर पानांत गडप होतात. बसून राहिलात तर थवा शंभर मीटरवरून निघून जातो आणि पत्ताही लागत नाही. एक ते दीड किलोमीटरची वाट घ्या आणि दर १५०-२०० मीटरवर चार-पाच मिनिटं थांबा. पहिलं ऊन पडणारी, वाऱ्याआडची कड आधी गाठा. किडे तिथेच आधी हलू लागतात. दुर्बीण ८ पटींची बरी, कारण १० पटींची हातात जास्त हलते आणि तिचं दृश्यक्षेत्र सहसा अरुंद असल्याने पानांतला पक्षी सापडेपर्यंत निसटतो. एकसारख्या दिसणाऱ्या वटवट्यांमध्ये शेवटी हाकच फरक सांगते, तेव्हा थांब्यावर बोलणं बंद.

मोजणीत दोन्हीकडे चुका होतात, पण वेगवेगळ्या. ठिय्यात तोच थवा घिरट्या घालून परततो आणि दुप्पट धरला जातो, म्हणून एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा घ्या. फेरीत परतताना तेच पक्षी पुन्हा भेटतात, म्हणून जातानाच मोजा. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) ३० मीटरपेक्षा जास्त हललात तर नोंद ‘स्थिर’ राहत नाही. तासभर बसून मग चाललात तर दोन याद्या करा. एकत्र केल्यास पुढच्या वर्षी तुलनेला काहीच उरत नाही.

जागेत दोन्ही प्रकार असतील तर आमचा कौल उजाडताच फेरी आणि मग ठिय्या असा. शिकारी पक्षी गरम हवेचे झोत उठू लागल्यावर वर चढतात; पहाटे आकाशाकडे बघत बसणाऱ्याच्या वाट्याला ते सहसा येत नाहीत. हा क्रम हवामानाने उलटतो. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पाठीचा असेल तर पुष्कळ पक्षी न थांबता पुढे जातात, झुडपं रिकामी राहतात. अशा सकाळी उंचवट्यावर बसून दिवसा प्रवास करणाऱ्या भिंगऱ्या, धोबी आणि तिरचिमण्या मोजाव्यात. रात्री पाऊस किंवा समोरचा वारा झाला असेल, तर स्कोप घरी ठेवा आणि पावसाने उघडीप देताच झुडपांकडे निघा.