ऑस्लोतले दोन हिवाळे आणि इलेक्ट्रिक गाडीची खरी रेंज

टेस्ला मॉडेल वाय, लाँग रेंज, फोर व्हील ड्राइव्ह. कागदावरची रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये जाणारं अंतर, ५३३ किलोमीटर. ऑस्लोत दोन हिवाळे आणि मधला उन्हाळा चालवून झाल्यावर हे लिहितोय, कारण पुण्या-नाशिकहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडच्या बर्फात ती चालते तरी का?" चालते, उत्तम चालते. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १०० नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ इलेक्ट्रिक होत्या. पण "थंडीत रेंज तीस टक्के घटते" हे जे एक वाक्य सगळीकडे फिरतं, त्याच्या भरवशावर कोणी गाडी निवडू नये. थंडीचा फटका सगळ्या फेऱ्यांना सारखा बसत नाही. लांबच्या प्रवासाला तो कमी बसतो. रोजच्या पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांना तो इतका बसतो की आकडा बघून आधी विश्वासच बसत नाही.

आधी त्या ५३३ बद्दल. हा आकडा डब्ल्यूएलटीपी या युरोपातल्या प्रमाणित चाचणीतला, आणि ती चाचणी २३ अंश तापमानाला, हीटर आणि एसी बंद ठेवून होते. माझ्या गाडीत वापरता येणारी बॅटरी साधारण ७५ युनिटची आहे. जुलैत ती १०० किलोमीटरला १६-१७ युनिट घेते, म्हणजे साडेचारशे किलोमीटर आरामात. उणे दहाला ई-६ महामार्गावर ९०-१०० च्या वेगाने हेच २१-२२ युनिट होतं, म्हणजे ३४०-३५० किलोमीटर. आणि उणे पंधराला मुलांना शाळेत सोडणं, दुकान, परत घर, असं तुकड्यातुकड्यांनी चालवलं की ३० युनिटच्या वर. त्या हिशोबाने पूर्ण बॅटरीत अडीचशेही होत नाहीत. गाडी तीच, आठवडा तोच, फरक फक्त फेरीच्या लांबीचा.

कारण साधं आहे. गारठलेली केबिन तापवायला पहिल्या दहा मिनिटांत जवळजवळ एक युनिट जातं. सहा किलोमीटरच्या फेरीवर हे एक युनिट वाटलं तर १०० किलोमीटरमागे १६ युनिटचा बोजा वाढतो, म्हणजे उन्हाळ्यात गाडी चालवायला जेवढं लागतं जवळपास तेवढंच! एकदा केबिन तापली की ती ऊब टिकवायला दीड-दोन किलोवॉट पुरतात. ८० च्या वेगाने जाताना तो खर्च १०० किलोमीटरला दोन-अडीच युनिट. पेट्रोल गाडीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिचं इंजिन जाळलेल्या पेट्रोलातली बहुतांश ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं आणि त्यातलीच थोडी आपल्याला हीटरमधून मिळते. इलेक्ट्रिक मोटर वाया फारसं काही घालवतच नाही, म्हणून ऊब विकत घ्यावी लागते.

दुसरा भाग बॅटरीचा. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली जशी घट्ट होते, तसं सेलमधलं द्रव थंडीत दाटतं (गोठत नाही, पण जड होतं). त्यातून लिथियमचे आयन हळू सरकतात, अंतर्गत रोध वाढतो आणि थोडी ऊर्जा आतल्या आतच खर्ची पडते. रात्रभर बाहेर उभ्या गाडीत सकाळी बसलं की स्क्रीनवर बॅटरीच्या चिन्हापाशी निळा हिमकण दिसतो आणि हिरव्या पट्टीचा शेवटचा तुकडा निळा झालेला असतो. तेवढा चार्ज चोरीला गेलेला नाही, तो थंडीने अडकलाय. गाडी चालून गरम झाली की निळा तुकडा परत हिरवा होतो. नवे मालक पहिल्या आठवड्यात हे बघून सर्व्हिस सेंटरला फोन करतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिलं.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट बदलते, आणि ती रेंजपेक्षा महत्त्वाची आहे. थंड बॅटरी चार्ज घ्यायला तयार नसते, त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलल्यावर गाडी वीज परत बॅटरीत भरत जी आपोआप मंदावते, ती नेहमीसारखी मंदावत नाही. वर्षभर एकाच पेडलवर चालवायची सवय झालेल्या माणसाला घराबाहेरच्या बर्फाळ उतारावर हे आधीच माहीत असायला हवं. पाय ब्रेकवर तयार ठेवा.

लांबच्या प्रवासाची भीती मात्र बाळगू नका. आम्ही हिवाळ्यात ऑस्लोहून डोम्बोसला जातो. साधारण ३३५ किलोमीटर, म्योसा तळ्याच्या काठाने लिलेहामर आणि पुढे गुडब्रान्सडालन खोऱ्यातून वर. डोम्बोस समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे. दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायलाच साडेतीन-चार युनिट लागतात, शिवाय थंड हवा दाट असते (उणे वीसची हवा अधिक वीसच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के जड), त्यामुळे वेग वाढवला की खप लगेच चढतो. तरी लिलेहामरला एकदा थांबलं की पुरतं. मुलांचं खाणं-पिणं उरकेपर्यंत गाडी तयार असते. परतीच्या वाटेवर उतार असल्याने चढाला लागलेलं बरंचसं परत मिळतं.

नॉर्वेची वाहनचालक संघटना एनएएफ २०२० पासून दर हिवाळ्यात गाड्या पार बंद पडेपर्यंत चालवून बघते. पहिल्या वर्षी कागदावरच्या रेंजपेक्षा सरासरी घट होती १८.५ टक्के. माझा महामार्गावरचा अनुभव याहून कडक आहे, पण त्या वर्षी चाचणीच्या वेळी थंडीही बेताचीच होती.

हिवाळ्यातला खरा वैताग रेंजचा नाही, चार्जिंगचा आहे. रात्रभर गारठलेली गाडी सकाळी थेट फास्ट चार्जरवर नेली, तर दीडशे किलोवॉटच्या खांबावर ती तीस-चाळीसच घेते. यात खांबाचा दोष नसतो. गोठणबिंदूखाली जोरात चार्ज केलं तर लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूचा थर होऊन बसतं आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणून गाडी स्वतःच हात आखडता घेते. उपाय दोन. नेव्हिगेशनमध्ये चार्जरचं नाव टाकून निघा, म्हणजे वाटेतच बॅटरी तापवली जाते. त्यात काही युनिट जातात, पण अर्धा तास वाचतो. आणि मुक्कामी पोहोचल्यावर, बॅटरी गरम आहे तोवर, त्याच संध्याकाळी चार्ज करून घ्या. "उद्या सकाळी बघू" हा हिवाळ्यातला सगळ्यात महाग विचार आहे.

घरी रोज सकाळी निघायची वेळ लावून ठेवतो. गाडी प्लगला लावलेली असतानाच केबिन आणि बॅटरी भिंतीतल्या विजेवर तापते, काचेवरचा बर्फही खरवडावा लागत नाही. छोट्या फेऱ्यांचा तो एक युनिटचा फटका निदान पहिल्या फेरीपुरता टळतो. आई जानेवारीत साताऱ्याहून आली होती. तिला केबिन २४ अंश हवी, आम्हाला १९ चालते. तिच्या सीटचा हीटर लावला आणि केबिन २० वर ठेवली, ती खूश. सीटचा हीटर शंभर वॉटच्या आतबाहेर घेतो, सगळी केबिन तापवायला त्याच्या कैक पट लागतात.

"घाटात बर्फात अडकलात तर?" याचंही उत्तर द्यायला हवं, कारण ही भीती खरी आहे. उणे पंधराला उभ्या गाडीत ऊब टिकवायला दोन किलोवॉट धरा. बॅटरीत ५० युनिट असतील तर रात्र काढून दुसऱ्या दिवशीही ऊब शिल्लक राहते, आणि सायलेन्सर बर्फाने बुजून आत विषारी धूर भरण्याचा धोका नाही. म्हणून हिवाळ्यात डोंगरात जाताना मी ३० टक्क्यांच्या खाली जात नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून केबिन तापवणारं यंत्र) आहे का, हे विचारल्याशिवाय सही करू नये. शून्याच्या आसपास तो एका युनिट विजेत दोन-तीन युनिटांएवढी ऊब देतो. उणे वीसला मात्र हा फायदा बराच आटतो. शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीत तो नाही, त्यांचा शहरातला हिवाळी खप ऐकून वाईट वाटतं.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना यातलं बहुतेक काही लागू नाही. पुण्यात पहाटे १० अंश म्हणजे बॅटरीला किरकोळ गारवा. पण इलेक्ट्रिक गाडी घेऊन हिवाळ्यात मनाली किंवा स्पितीला निघालेले असाल, तर ध्यानात ठेवा की भारतातल्या बऱ्याच गाड्यांत, नेक्सॉनसुद्धा त्यात आली, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते. ती टिकाऊ आणि सुरक्षित, पण थंडी तिला जास्त जाणवते, विशेषतः चार्जिंगला. हॉटेल ठरवताना गीझरआधी प्लगची चौकशी करा, आणि पोहोचल्या पोहोचल्या, सामान उतरवायच्या आधी, गाडी लावा.