जपान कप की अरिमा किनेन: एकच शर्यत बघायची तर कुठली?

हिवाळ्याच्या तोंडावर टोकियोला जाणार असाल आणि घोड्यांची एकच मोठी शर्यत बघायला जमणार असेल, तर दोन नावं समोर येतात: नोव्हेंबरच्या शेवटी जपान कप आणि डिसेंबरच्या अखेरीस अरिमा किनेन. दोन्ही हिरवळीवरच्या आणि पहिल्या दर्जाच्या. जपानी डर्बीचा मान मोठा आहे, पण ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते आणि फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची असते.

जपान कप टोकियोच्या पश्चिम भागातल्या फुचू शहरात, टोकियो रेसकोर्सवर होतो. अंतर 2400 मीटर, आपल्या महालक्ष्मीवरच्या इंडियन डर्बीइतकंच. पण इथली शेवटची स्ट्रेट, म्हणजे शेवटच्या वळणानंतरचा सरळ पट्टा, 525 मीटरच्या पुढे जाते. मागे अडकलेल्या घोड्यालाही वाट काढायला वेळ मिळतो, त्यामुळे ज्याच्यात खरा दम असतो तो सहसा झाकला जात नाही. 2020 मध्ये आमंड आय या घोडीने कॉन्ट्रेल आणि डेअरिंग टॅक्ट या त्या वर्षीच्या दोन्ही ट्रिपल क्राउन (तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यती) विजेत्यांना मागे टाकलं, तेही कारकिर्दीतल्या शेवटच्या शर्यतीत. परदेशी घोड्यांना बोलावून 1981 मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत पाहुण्यांची पाटी मधली वीस वर्षं कोरी होती. 2005 च्या अल्कासेदनंतर थेट 2025 मध्ये कॅलंडागन हा परदेशी घोडा जिंकला.

अरिमा किनेनचा थाट वेगळा. बहुतेक घोडे प्रेक्षकांच्या मतांवर निवडले जातात. 1956 पासूनची ही शर्यत टोकियोजवळच्या नाकायामा रेसकोर्सवर होते: 2500 मीटर, उजवीकडची सहा वळणं, शेवटची स्ट्रेट जेमतेम 310 मीटर आणि त्यातच अंगावर येणारा चढ. सुटल्यावर थोड्याच अंतरावर पहिलं वळण येतं, म्हणून बाहेरचा गेट मिळालेल्या घोड्याला आत येताना झगडावं लागतं. घोडे स्टँडसमोरून दोनदा जातात. पहिल्या फेरीत ते जवळून निघतात तेव्हा लोक नाव घेऊन ओरडतात आणि जॉकी मात्र लगाम धरून घोड्याला शांत ठेवायची शिकस्त करत असतात. इथे फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांत जास्त पैसे लागलेत तो घोडा, हरतोही: 2005 मध्ये डीप इम्पॅक्टला हार्ट्स क्रायने पहिला पराभव दाखवला. 1990 मध्ये संपला म्हणून सोडून दिलेला ओगुरी कॅप हा घोडा तरुण जॉकी युताका ताकेच्या हाताखाली इथेच आपली शेवटची शर्यत जिंकला, तेव्हा पावणेदोन लाखांहून जास्त लोक त्याच्या नावाचा घोष करत होते.

माझा कौल अरिमाला. घोड्यांची जात, वेळा, डावपेच यांत रस असेल तर मात्र जपान कपच घ्या, तिथली शर्यत जास्त निखळ असते. मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तरीही फुचूच बरं: जागा ऐसपैस, थंडी कमी आणि हवा स्वच्छ असेल तर स्टँडवरून फुजी दिसतो.

दोन्हीकडे जायला रेल्वे सोयीची. फुचूकेइबा-सेइमोन-माए स्टेशनातून पुलावरून थेट रेसकोर्सवर जाता येतं. नाकायामासाठी फुनाबाशी-होतेनला उतरा, तिथून भुयारी वाट आहे. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, अरिमाचं तर नक्कीच. पैसे लावायचे असतील तर 100 येनही चालतात, पण वय 20 पूर्ण हवं. आणि पॅडॉकजवळ, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाजवळ, लवकर उभे राहा, शर्यतीआधी घोडा इतक्या जवळून पुन्हा दिसत नाही.