घाटातल्या उतारासाठी रडार: सेंटिनेल-१ घ्यायचं की निसार?

एखाद्या उतारावर नजर ठेवायला सॅटेलाईट रडार वापरायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट, माळीण, तळीये, इर्शाळवाडी ह्या दरडी भर पावसात बघता बघता खाली आल्या आणि हे सॅटेलाईट त्याच जागेवर परत येतात १२ दिवसांनी, म्हणजे "आज रात्री गाव खाली करा" हे त्यांच्याकडून कळणार नाही, त्याला गावातला पर्जन्यमापकच लागतो. रडार कामाचं ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकणाऱ्या उताराला, जिथे घरांना भेगा पडतात आणि रस्ता दर पावसाळ्यात थोडा खचतो.

आता कुठलं? सेंटिनेल-१ (युरोपचा रडार सॅटेलाईट) फुकट आहे आणि २०१४ पासूनचा डेटा पडून आहे, हा त्याचा मोठा प्लस, कारण मागे जाऊन बघता येतं. चीनमध्ये शिनमो गावावर जून २०१७ मध्ये डोंगर कोसळला, नंतर जुना डेटा काढला तर वरचा भाग आधीपासूनच सरकत होता असं दिसलं. नंतर दिसलं हां.

पण सेंटिनेलच्या रडार लहरीची लांबी (वेव्हलेंथ) ५.६ सेमी, पानं-गवत हललं की सिग्नल गेला. जुलैत आपल्याकडे हिरव्या उतारावर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, कातळ नाहीतर घरं असतील तेवढेच पॉईंट टिकतात. पैसे देऊन मिळणारा एक्स-बँड (आणखी छोट्या लहरीचं रडार) तर ३ सेमीचा, तो धरणाला, इमारतींना ठीक, झाडीत नकोच.

निसार (नासा आणि इस्रोचा रडार सॅटेलाईट) ३० जुलै २०२५ ला अवकाशात गेला (माळीणला त्याच दिवशी ११ वर्षं झाली, योगायोग). निसारचा एल-बँड म्हणजे लांब लहर, २४ सेमीची, झाडीतून बराच आत जातो, शिवाय दोन तारखांची चित्रं जुळवून जो रंगीत नकाशा बनतो त्यात रंगाचा एक पट्टा म्हणजे १२ सेमी सरकणं, सेंटिनेलमध्ये तोच २.८ सेमी, त्यामुळे जोरात सरकणाऱ्या उताराचं गणित निसारमध्ये कमी बिघडतं, मात्र अगदी मिलिमीटरमधलं बारीक मोजमाप सेंटिनेलच चांगलं देतो. जुना डेटा मात्र निसारकडे नाही.

डाउनलोड करताना सगळे जिथे गडबडतात ते म्हणजे पास, म्हणजे सॅटेलाईट कुठल्या दिशेने जाताना चित्र घेतलं ते: दक्षिणेकडून उत्तरेला असेंडिंग, उत्तरेकडून दक्षिणेला डिसेंडिंग. सेंटिनेल उजवीकडे बघतो, म्हणून कोकणाकडे उतरणाऱ्या पश्चिमेच्या उतारांना डिसेंडिंग घ्या, असेंडिंगमध्ये तो उतार चित्रात चेपून जातो. निसार डावीकडे बघतो, तिथे बरोबर उलटं, असेंडिंग. आणि उत्तर-दक्षिण सरकणं दोघांनाही नीट दिसत नाही, सह्याद्रीचे मुख्य उतार पूर्व-पश्चिम आहेत हे आपलं नशीब.

मी असतो तर नोव्हेंबर ते मेचा सेंटिनेल घेऊन आधी जुना हिशोब काढला असता, पावसाळ्यासाठी निसार, आणि डेटा फुकटच असल्यामुळे वाचलेल्या पैशातून पर्जन्यमापक, जोडीला रात्री उठून तो वाचणारा गावातला एक माणूस.