पीक फ्लो मीटर: आईच्या दम्यासाठी घेतलं, ४ स्टार

मेडिकलवाल्याकडे मागितलं तर त्याने आधी ऑक्सिमीटर काढला, मग स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) दाखवला, शेवटी ऑनलाइनच मागवलं. साधारण पाचशेला पडलं. बॅटरी नाही, ॲप नाही, एक प्लास्टिकची नळी, आकड्यांची पट्टी आणि सरकणारा लाल काटा, बस. जोरात फुंकलं की हवा किती वेगाने बाहेर पडते ते काटा दाखवतो, श्वासनलिका आवळल्या की आकडा पडतो. बाबा म्हणाले एवढ्याशा नळीला पाचशे?

घेण्याचं कारण सांगते. गेल्या पावसाळ्यात घरात फ्लू आला, आम्ही सगळे तापलो, कण्हलो आणि उठलो, आई मात्र थेट ॲडमिट, ऑक्सिजनवर. तिथल्या डॉक्टरांनी फ्लूपेक्षा आधीच्या महिन्याचीच जास्त चौकशी केली. रात्री खोकल्याने जाग येते का, निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागतो का, जिना चढताना थांबावं लागतं का. सगळ्याला उत्तर हो, आणि आम्हाला मात्र रोज "काही नाही गं, बरी आहे मी". म्हणजे श्वासनलिका आधीच आतून सुजलेल्या, वरून व्हायरसने आणखी सूज आणि चिकट कफ, मग हवा जाणार कुठून. निळा पंप श्वासनलिका तेवढ्यापुरत्या उघडतो, सूज कमी करतो तो स्टेरॉइडवाला पंप, आणि तोच आई "सवय लागते" म्हणून कपाटात ठेवायची. (ही सवय लागण्याची अफवा कोणी सुरू केली देव जाणे.) २०१९ पासून तर दम्याची जागतिक गाइडलाइनच म्हणते की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका.

कोविडच्या काळात स्कॉटलंडमध्ये शाळकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला होता. दम्यामुळे आधीच्या दोन वर्षांत ॲडमिट व्हावं लागलेल्या मुलांना कोविडने ॲडमिट होण्याचा धोका दमा नसलेल्यांच्या सहापट निघाला, आणि ज्यांचा दमा कंट्रोलमध्ये होता त्यांच्यात फरक थोडासाच. म्हणून घाबरायचं ते दमा आहे म्हणून नाही, तो मोकाट सुटलाय का ते बघायचं, आणि नेमकं तेच या नळीवर दिसतं. ऑक्सिमीटरवर नाही दिसत, श्वासनलिका बऱ्यापैकी आवळल्या तरी तो निवांत ९६-९७ दाखवत बसतो, तो आकडा पडतो तेव्हा उशीर झालेला असतो.

वापरायला सोपं आहे पण पद्धत लागते. काटा खाली आणायचा, उभं राहायचं, छाती भरून श्वास, ओठ घट्ट आणि एकदम फाडकन सोडायचा. आई पहिल्यांदा चुलीत फुंकणी मारावी तशी लांबच्या लांब फुंकत राहिली, काटा १४० वर! लांब नको, जोरात हवं. आणि बोट काट्याच्या खाचेवर येऊ देऊ नका. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सकाळ-संध्याकाळ, पंप घ्यायच्या आधी. बॉक्समधला उंची-वयाचा चार्ट बाजूला ठेवा, डॉक्टरांनी सांगितलं की पेशंटची तब्येत चांगली असतानाचा स्वतःचा बेस्ट आकडा धरायचा. आईचा ३२०. त्याच्या ८० टक्के म्हणजे २५६ च्या वर हिरवा, १६० पर्यंत (म्हणजे निम्म्यापर्यंत) पिवळा, खाली लाल. फ्रिजवर कागद चिकटवलाय, कुठल्या रंगात काय करायचं ते डॉक्टरांच्या अक्षरात, म्हणजे बाबांनाच वाचता येतं.

कामाला आलं ते ऑगस्टमध्ये. भाचा शाळेतून साधी सर्दी घेऊन आला (दम्याचे अटॅक यायला फ्लू-कोविडच लागतो असं नाही, साध्या सर्दीचा व्हायरसही पुरतो), आईला नुसतं नाक वाहत होतं, बोलणं चालणं सगळं नॉर्मल, पण आकडा ३१० वरून २३०. त्याच दिवशी फोन केला, प्लॅनप्रमाणे औषध वाढवलं, चार-पाच दिवसांनी आकडा वर सरकला. या वेळी फरक फक्त मीटरचा नाही हे पण लिहिते, स्टेरॉइडवाला पंप रोज चालू होता आणि फ्लूची लसही घेतलेली होती. मीटरने औषध होत नाही.

आता तक्रारी. काटा कधीकधी अडकतो, हलकं आपटावं लागतं. माहितीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरात आणि मराठी नाहीच. माउथपीस धुतल्यावर पूर्ण वाळायला रात्र जाते, एक जादा द्यायला काय जात होतं? एक स्टार त्याचाच कापला.

दोन मीटरमध्ये आकडे वेगळे येतात, त्यामुळे बदलू नका, एकच वापरा. पाच वर्षांखालच्या पोरांसाठी घेऊ नका, त्यांना फुंकायला जमत नाही. मोठ्या मुलांसाठी लो रेंजवालं मिळतं ते बघा. आणि माणूस एक वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल तर फुंकायला लावत बसू नका, निळा पंप द्या आणि गाडी काढा.