बसायचं कुठं: परमिट रूम की टॅपरूम? (निकाल फक्त ताटावरून)

"बसायचं का?" या प्रश्नावर आमच्या ग्रुपात कधीच वाद होत नाही. वाद होतो तो "कुठं?" यावर. निम्म्यांना नाक्यावरची परमिट रूम हवी असते, निम्म्यांना टॅपरूम, म्हणजे नळातून ताजी क्राफ्ट बिअर देणारा पब. मी पिते कमी आणि खाते जास्त, तेव्हा ग्लासाचं ज्याचं त्यानं बघावं. मी ताटापुरतं बोलते.

परमिट रूमला मी बरीच वर्षं नाक मुरडलं. मग एकदा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसानं ठाण्यात अडकवलं आणि नवऱ्यानं समोरच्या दारातून आत ओढलं. ट्यूबलाइट, सनमायकाची टेबलं, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. फार तर उकडलेले चणे आणि मसाला पापड मिळेल, असं वाटलं होतं. आले ते बोंबील. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तो चिरून वजनाखाली दाबून ठेवायचा कंटाळा केला की तव्यावर लगदा होतो. इथं कोणीतरी तो कंटाळा केला नव्हता. रव्याचं कवच कुरकुरीत, आत साय. मागून कोकमाची आंबट-तिखट कढी आणि भात. वेटरला विचारलं, इतकं बरं कसं? म्हणाला, "शेट रोज दुपारी इथंच जेवतात, मॅडम."

खरं कारण बहुतेक तेच असावं. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी परमिट रूम उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टींच्या आहेत. मेन्यूकार्डाच्या पुढच्या पानांवर मंचुरियन आणि ट्रिपल शेजवान असतं, ते ओलांडून शेवटच्या पानावर जा. चिकन सुक्का, घी रोस्ट, नशीब असेल तर नीर डोसा. शिवाय गिऱ्हाईक रोजचं असतं. त्याला काल शिळा मासा दिला तर आज तो समोरच्या बारमध्ये बसलेला दिसतो.

खोट आहेच. चकणा तहान वाढवण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे मीठ-मसाल्याचा हात सढळ. न पिणाऱ्यानं चना कोळीवाड्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या तर रात्रभर पाणी पीत बसावं लागतं. आणि खालच्या हॉलमध्ये बाई शिरली की अजूनही चार माना वळतात. त्यावर उपाय वरचा एसी हॉल: दर थोडे जास्त, किचन तेच.

(नावाचं म्हणाल तर ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या परमिटवरून आलंय. परमिटाची अट कागदावर आजही आहे, आणि बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षांचं वयही.)

टॅपरूमकडे महाराष्ट्रात पुण्यानं वाट दाखवली, २००९ मध्ये डूलाली या क्राफ्ट बिअरच्या ब्रुअरीनं. हे नाव आपल्या देवळालीचं: तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून डोकं फिरलेल्या गोऱ्या शिपायांवरून 'डूलाली' म्हणजे वेडा, असा शब्द इंग्रजीत रुळला. टॅपरूममधली बिअर मला खरंच आवडते. गव्हाच्या हेफेवाइझेनला केळं-लवंगेचा वास येतो, आणि तळलेल्या माशाबरोबर ती काय लागेल! पण तिथं मासा म्हणजे टार्टर सॉसबरोबरचे फिश फिंगर्स. बाकी नाचोज, विंग्ज, पिझ्झा. वाईट काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. एका पिझ्झाच्या पैशात परमिट रूममध्ये माझी मासळी आणि भात होतो. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर काढायला सांगा, तो ऐच्छिक आहे.

तरीही ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जायचं असेल किंवा ग्रुपात पक्के शाकाहारी असतील, तर मी मुकाट टॅपरूम धरते. परमिट रूममध्ये त्यांच्या वाट्याला पनीर चिली येते आणि तिची चव सगळीकडे एकच.

परमिट रूम निवडताना माझी एकच परीक्षा. वेटरला विचारायचं, "मासळीत काय आहे आज?" तो म्हणाला "सगळं आहे", तर सोडा मागवून उठायचं. "बोंबील आहे, मांदेली संपली" म्हणाला, तर बसायचं. जून-जुलैत पावसाळी मासेमारी बंदी असते, तेव्हा हा प्रश्नच विचारू नका, सरळ चिकन सुक्का मागवा.

सध्या आमच्यात तह झालाय. आठला टॅपरूममध्ये एकेक बिअर, मग रिक्षा करून जेवायला परमिट रूम. फक्त साडेदहाच्या आत पोचा. नंतर गेलात तर तवा धुवून ठेवलेला असतो आणि फ्राइड राइसवर निभवावं लागतं.