"साप कुठे राहतो?" "बिलात!" – प्राणी आणि त्यांची घरं फ्लॅशकार्ड सेट, नऊ महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीच्या आधी घेतलेला सेट आहे आणि आता जुलै चालू आहे, त्यामुळे बॉक्स उघडला, वास छान आला, पाच स्टार असला हा रिव्ह्यू नाही. घेतला तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. आम्ही ऐरोलीला राहतो, शाळा इंग्लिश मीडियमची, घरात मराठीच बोलतो तरी पठ्ठ्याचं "आई, बर्ड बसलाय बघ" सुरू झालं होतं म्हणून मुद्दाम मराठीतला शोधला. ५४९ रुपये. ४८ कार्डं, पुढे प्राणी आणि मागे त्याचं घर, शिवाय पाणी, जमीन आणि झाड असे तीन मोठे मॅट आणि सहा कोरी कार्डं. कंपनीचं नाव टाकत नाही, मैत्रिणीकडे दुसऱ्या कंपनीचा आहे त्यात पण निम्म्या चुका ह्याच आहेत, म्हणजे एकट्याला झोडण्यात अर्थ नाही.

क्वालिटीचं आधी उरकते. पुठ्ठा जाड, कोपरे गोल, रंग अजून तसेच आहेत. पण जूनमध्ये पाऊस लागला आणि लॅमिनेशनच्या कडा सुटल्या, मॅट गुंडाळून ठेवले होते ते एकमेकांना चिकटले, सोडवताना पाण्याच्या मॅटवरचा अर्धा मासा जमिनीवर आला. खाडीकाठी राहणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सगळं फराळाच्या रिकाम्या हवाबंद डब्यात ठेवा, मला हे उशिरा सुचलं.

आता ऑडिओ. क्यूआर कोड स्कॅन केला की एक बाई शब्द म्हणून दाखवतात आणि ह्या बाईंना ळ येत नाही. पोळं म्हणजे पोलं, जाळं म्हणजे जालं आणि बीळ म्हणजे चक्क बील. आठवडाभर आमच्याकडे साप बिलात राहत होता आणि महावितरणचं बिल आलं त्या दिवशी मुलानं ते हळूच टोकाला धरून झटकलं, आत आहे का बघायला. आमच्याकडे मासे घेऊन येणारी मावशी पण जालंच म्हणते, पण ती तिची बोली आहे आणि तिच्या तोंडी ते कानाला गोडच लागतं. पैसे घेऊन "शुद्ध उच्चारांसह" असं छापल्यावर मात्र ळ यायला हवा ना. ऑडिओ मी तिसऱ्या आठवड्यात बंद केला.

माझा खरा राग शब्दांवर आहे. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "अधिवास ओळखा". चार वर्षांच्या पोराला अधिवास! आणि आत बघावं तर जिथे शब्द द्यायला हवा तिथे दिलेलाच नाही, गाय – शेड, कोंबडी – कोंबडीचे घर, घोडा – घोड्याचे घर, पोपट – झाडातील भोक. अहो गोठा, खुराडं, तबेला, ढोली हे शब्द काय कुणी पळवून नेले? माझ्या सासूबाई जुन्नरकडच्या, त्यांनी चष्मा लावून एकेक कार्ड तपासलं आणि स्केच पेननं खोडून बरोबर शब्द लिहिले, सुगरणीच्या घरट्याखाली खोपा हा शब्द पण त्यांनीच घातला. एक गंमत, "भोक" म्हणताना मुलगा नुसताच बोट दाखवायचा, "ढोली" कळल्यावर मात्र सोसायटीतल्या प्रत्येक झाडाला ढोली आहे का हे बघणं सुरू झालं आणि मागच्या गेटजवळच्या झाडात खरंच एक निघाली.

सापाच्या कार्डावर तर त्या अर्धा तास बोलत होत्या. मुलानं विचारलं सापाला हात नाहीत मग त्यानं बीळ खणलं कसं. मी गूगल करायला फोन उचलला तोवर त्या म्हणाल्या, "अरे तो कुठला खणतोय, उंदीर खणतो आणि हा आयता जाऊन बसतो, म्हणून तर म्हणतात आयत्या बिळावर नागोबा." ही म्हण मी लहानपणापासून ऐकतेय, नवऱ्याला शंभर वेळा ऐकवलीय, पण त्यात नागाच्या राहण्याची खरी माहिती आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. वारुळाचं पण तेच, कार्डावर मुंगीच्या मागे पुरुषभर उंच वारूळ छापलंय, आपण सगळेच तसं समजतो पण ते बांधते वाळवी आणि साप तिथे सुद्धा आयताच.

कोकिळेच्या मागे सुंदर घरटं आहे, आत तीन अंडी. कोकिळा घरटं बांधतच नाही हो, कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते. ह्या जूनमध्ये समोरच्या गुलमोहोरावर कावळा एका ठिपकेवाल्या पिल्लाला भरवताना दिसला तेव्हा मुलाला उचलून दाखवलं, तो म्हणाला मग हिचं कार्ड कावळ्याच्या कार्डाला चिकटव. चिकटवलंय सेलोटेपनं.

फ्लेमिंगोखाली लिहिलंय "आफ्रिकेतील सरोवर". खोटं नाही, आफ्रिकेत असतातच, पण मराठी मुलांसाठी काढलेल्या सेटमध्ये? आमच्या घरापासून खाडी दहा मिनिटांवर, २०१५ पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, मराठीत त्याला रोहित आणि अग्निपंख अशी दोन दोन नावं आहेत, त्यातलं एकही कार्डावर नाही. फेब्रुवारीत जैवविविधता केंद्राच्या बोटीनं गेलो होतो. बोट भरती-ओहोटी बघून सुटते त्यामुळे पहाटे उठावं लागलं आणि मुलगा पहिली दहा मिनिटं रडतच होता, मग समोर एकदम गुलाबी पट्टा दिसला आणि गप्प झाला. परत येताना प्रश्न, ह्यांचं घर कुठंय. म्हटलं इथे हे जेवायला येतात, चिखलातलं शेवाळ वगैरे खातात, त्यानंच गुलाबी होतात, घरटं करतात तिकडे गुजरातेत कच्छच्या रणात, ते पण चिखलाचंच, छोट्या ढिगाऱ्यासारखं. वर्गातल्या रोहितला दुसऱ्या दिवशी "तू गुलाबी का नाहीस" असं विचारून आला.

त्याच दिवशी जेट्टीजवळ त्याला निवटी दिसली, आणि ह्या सेटचे माझे सगळे पैसे तिथे वसूल झाले. ओहोटी होती, तिवरांच्या मुळांमध्ये नुसता चकचकीत चिखल आणि त्यावर बोटाएवढा मासा पुढच्या परांवर रेटे देत चाललेला, डोळे पार डोक्यावर. मुलगा म्हणाला, "मासा बाहेर आलाय, मरेल." नाही मरत, अंग ओलं असलं की निवटी कातडीतूनही श्वास घेते आणि चिखलात बीळ करून राहते, स्वतः खणलेलं बरं का. घरी येऊन पहिलं कोरं कार्ड बाहेर काढलं, त्यानं चितारलेली निवटी बटाट्याला डोळे काढल्यासारखी दिसते. आता ठेवायची कुठल्या मॅटवर? पाण्यावर ठेवली, उचलली, जमिनीवर ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी दोन्ही मॅट जोडून मधल्या फटीवर अर्धी इकडे अर्धी तिकडे ठेवली आणि मग बेडूक पण आणून तिच्या शेजारी बसवला. उभयचर हा शब्द मी तेव्हा काढला नाही. निवटी मासाच आहे, बेडकासारखी उभयचर नाही, आणि हे सांगत बसले असते तर त्याची मजा गेली असती.

मासेवाल्या मावशीला ते चित्र दाखवलं तर तिनं ओळखलं, हे विशेष. तेव्हाच कोळ्याचं कार्ड हातात होतं, मागे जाळं. मुलानं तिला सरळ विचारलं, "तू पण कोळी ना, मग तू जाळ्यात राहतेस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पाटी बाजूला ठेवून हसली आणि म्हणाली, राहायला नाय रे बाबा, पकडायला. आणि ते किड्यातल्या कोळ्यालाही लागू पडतंच की, त्याचं जाळं आधी शिकारीसाठी असतं. कार्डावर "कोळ्याचे घर" एवढंच.

तर घ्यायचा का? पाचशेच्या आत मिळाला आणि घरात आजी-आजोबा असतील तर घ्या, स्केच पेन सोबत ठेवा. नुसतं पोराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं असेल तर नको. कांगारू, पेंग्विन, कोआला आहेत पण आपला राज्यप्राणी शेकरू नाही, तो आम्ही कोऱ्या कार्डावर काढला, खार असून झाडावर घरटं करतो म्हटल्यावर मुलाचा दोन दिवस विश्वास बसेना. माझ्याकडून साडेतीन स्टार, त्यातला एक कोऱ्या कार्डांचा.

कोऱ्यांपैकी आता एकच उरलं होतं, मी ते बिबट्यासाठी राखून ठेवलं होतं, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलो की काढू म्हणून. काल बघते तर त्यावर पाल काढून झाली आहे आणि मागे माझ्याकडून लिहून घेतलंय, घर: आपलं, ट्यूबलाईटच्या मागे.