बेसबॉल कार्डं: तेव्हाची आणि आत्ताची

अमेरिकेत १९५२ साली टॉप्स या कंपनीचं पाकीट पाच सेंटला मिळायचं, आत बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं आणि गुलाबी च्युइंगगमची कडक पट्टी, गमचे डाग कार्डावर पडले तरी कुणाला फिकीर नसायची. पोरं कार्डं रबरबँड लावून खिशात कोंबायची, अदलाबदल करायची, डबल आलेलं सायकलच्या चाकात अडकवायची, फटफट आवाज यायला. टॉप्सने तर १९५२ चा न खपलेला माल १९६० मध्ये चक्क समुद्रात बुडवला!

त्याच १९५२ च्या सेटमधलं मिकी मँटल या स्टार खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. कारण सोप्पं आहे, धड राहिलेली फारच कमी.

मधे ८०-९० च्या दशकात कंपन्यांनी एवढी छापली की त्यातली बहुतेक आज रद्दीच.

आता कार्ड पाकिटातून निघालं की थेट प्लास्टिकच्या कव्हरात, मग पीएसए या कार्ड तपासणाऱ्या कंपनीकडे ग्रेडिंगला, तिथे कोपरे, कडा, सेंटरिंग (चित्र बरोबर मधोमध आहे का) सगळं बघून १ ते १० मार्क देतात आणि ९ की १० यावर भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाकिटंसुद्धा लाइव्ह व्हिडिओवर दुसराच कोणीतरी फोडतो, आपण फक्त एखाद्या टीमचे पैसे भरायचे, त्या टीमची जी कार्डं निघतील ती आपली. मला तर ही सरळ लॉटरी वाटते. पण हवं ते एकच कार्ड शोधायला आजचा जमाना भारी, ईबेवर टाईप केलं की समोर हजर, तेव्हा त्यासाठी गल्लीतल्या पोराला मस्का मारायला लागायचा आणि वर तो तीन कार्डं मागायचा.